वायाळ सरांचा हात

वायाळ सरांना कुठलीही गोष्ट नुसती बघून पटत नसे. आमच्या स्टाफरूममध्ये नव्या खुर्च्या आल्या तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या रंगाला नावं ठेवत होतो. सर मात्र एकेका खुर्चीच्या पाठीवरून, हातांवरून, अगदी बुडाखालूनसुद्धा तळवा फिरवत चालले होते. चौथ्या खुर्चीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, हिच्यावर बसू नका. खिळा वर आला हाये." दिसत तर काहीच नव्हतं. कुणी बसू नका म्हटलं की बसायचं, हा माझा जुना स्वभाव. बसले आणि नवी साडी टर्रकन फाटली. सर "मी म्हटलं होतं ना" असं एका शब्दानेही म्हणाले नाहीत. स्टोअरमधून हातोडी आणली, खिळा ठोकला आणि पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला.

मेहकरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. एकोणीस वर्षं आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती. गेल्या हिवाळ्यात हृदयाच्या झटक्याने सर गेले, निवृत्तीला वर्ष बाकी असताना. वार्षिक अंकासाठी त्यांच्यावर लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी त्यांच्या पदव्या आठवू लागले, आणि मला आठवत राहिला तो त्यांचा हात. रुंद, शेतकऱ्याचा, उजव्या अंगठ्याला खडूने पडलेली कायमची भेग असलेला. बाजारात तो हात टमाट्यांच्या ढिगाऱ्यावर पडला की भाजीवाल्या बायका आधीच ओरडत, "मास्तर, घ्याचे असतीन त घ्या, पन त्याइले मालिश करू नका!"

वर्गातही तसंच. बाकीचे मास्तर शिकवून झालं की "समजलं का?" विचारतात. सर प्रयोग आधी करून घेत आणि समजलं की नाही ते शेवटी विचारत. केसांची पिन वाकवून तिची दोन टोकं जवळजवळ आणायची, डोळे मिटलेल्या पोराच्या बोटाला टेकवायची, मग पाठीला टेकवायची. बोटाला दोन टोकं कळत, पाठीला मात्र एकच टोचल्यासारखं वाटे. पोरं थक्क होत. मुलींना सर स्वतः हात लावत नसत. एकीला दुसरीवर प्रयोग करायला लावत आणि आपण फळ्याकडे तोंड करून उभे राहत. हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

माझ्या कवितेच्या तासाला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई. "पोट्टेहो, पेशीले डोये नाहीत, कान नाहीत. पण तिले ढकललं, ओढलं, दाबलं का तिले कळते. कसं कळते?" मग खिशातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा निघे, मध्ये ब्लेडने एक चीर मारलेला. सैल धरला की चीर मिटलेली. दोन्हीकडून ताणला की उघडणार. वरून एखाद्या पोराने पाणी ओतायचं, चीर उघडली की ते खालच्या बाकावरच्याच्या डोक्यात. "पाह्यलं? पेशीच्या पडद्यात अशी दारं बसवलेली हायेत. पडदा ताणला का दार उघडते, बाहेरचे क्षार आत घुसतात, अन् निरोप निघते मेंदूकडं. मायनं गालाले हात लावलेला तुमाले कळला, तो या दारामुयं. अन् माह्या तासाले बसल्या बसल्या लघवी लागली, तेबी या दारामुयंच. आतली पिशवी ताणते, दार वाजते, मंग तुमी बोट वर करता."

तिकडचा वर्ग हसे आणि इकडे माझा वर्गही. माझी कविता तिथल्या तिथे मरे. एकदा मी तणतणत तक्रार करायला गेले, आणि सर "बसा मॅडम, दोन मिनिटं" म्हणाले म्हणून मागच्या बाकावर बसले ती तास संपेपर्यंत. त्या दिवशी सर सांगत होते की हे स्पर्शाचं दार शोधलं कसं. शास्त्रज्ञांनी एका पेशीला बारीक काचेच्या काडीने ढोसलं. पेशीने उत्तर दिलं. मग त्यांनी पेशीतला एकेक जनुक बंद करायला सुरुवात केली. एक बंद केला, ढोसलं, उत्तर आलं. दुसरा बंद केला, पुन्हा उत्तर आलं. असं करत करत एक दिवस असा आला की ढोसलं तरी पेशी गप्प.

"गप्प!" सर म्हणाले आणि वर्गही गप्प झाला. "त्या दिवशी त्याइले दार सापडलं. ध्यानात ठेवा. पेशी बोलली तवा नाही सापडलं, पेशी गप्प बसली तवा सापडलं. गप्प बसनं हेबी उत्तर असते."

मी वर्षानुवर्षं पोरांना कवितेतल्या मौनाबद्दल रटाळ नोट्स देत आले होते. मला त्या दिवशी त्या माणसाचा हेवा वाटला, हे कबूल करते.

सर मूळचे दुसरबीडचे. मेहकरात घर केलं तरी शनिवारी दुपारची बस धरून गावाकडे जाणं कधी चुकलं नाही, कारण तिथे दादा होते. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ किसनदादा, चौदा वर्षांनी मोठे. आईवडील लवकर गेले आणि दादांनीच सरांना वाढवलं, शिकवलं. दादांची रस्त्याला लागून मिरची-टमाट्याच्या रोपांची रोपवाटिका होती. रोज सकाळी काठीला मऊ फडकं बांधून ते रोपांच्या शेंड्यांवरून फिरवत जायचे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. का, असं विचारलं तर म्हणत, "लाडात ठेवलं का रोप उंच होते अन् पडते. जरा हात लागू द्या, बसकं होते, दांडगं होते."

सरांनी एका वर्षी दोन ट्रे उचलून वर्गात आणले. एका ट्रेवर पोरांनी रोज फडकं फिरवायचं, दुसऱ्याला शिवायचंही नाही. महिन्याने न शिवलेली रोपं हातभर लांबुडकी होऊन आडवी झाली आणि दुसरी ताठ, जाड दांड्यांची, गडद हिरवी. "झाडाच्या पेशीलेबी कळते," सर म्हणाले. "माह्या दादाले हे माह्यापेक्षा आधी कळलं. त्यानं पुस्तक नाही वाचलं, एवढाच फरक." दादांचं नाव काढताना त्यांचा आवाज बदले. आम्हा बाकीच्यांना प्राचार्यांचीही जेवढी भीड वाटत नसे तेवढी सरांना दादांची होती.

याच दादांनी सरांसाठी नवस केला होता. एम. एस्सी. होऊनही सरांना नोकरी लागत नव्हती, तेव्हा दादा शेगावला जाऊन महाराजांपुढे बोलून आले, सुदामले नोकरी लागू दे, दरसाल रामनवमीले पायदळ येईन अन् अनवाणी येईन. नोकरी लागली. तेव्हापासून दादा दरवर्षी दिंडीबरोबर अनवाणी चालत. चैत्राचं ऊन, डांबर पाघळलेलं, आणि त्यावरून चार-पाच दिवसांची वाट. दिंडी दुसऱ्या दिवशी दुपारी मेहकरात यायची आणि जेवणाला आमच्या कॉलेजच्या आवारातच थांबायची. त्या दिवशी सर सुट्टी टाकून पंगतीत वाढत.

आमच्याकडे पायदळ आलेल्यांचे पाय धुण्याची रीत आहे. कॉलेजातल्या आम्ही बायका बादल्या घेऊन बसायचो. एका वर्षीचं मला लख्ख आठवतं. पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, उन्हाने कढत झालेलं. पाणी पायावर पडलं की माणसं "अवो, भाजलं ना!" म्हणत पाय मागे घ्यायची. दादांच्या पायावर मी तांब्या ओतला आणि पाय तसेच राहिले. दादा निवांत, शेजारच्याशी बोलत होते. मी चमकून वर पाहिलं तर ते हसून म्हणाले, "टाका पोरी, बिनधास्त टाका. पहिले लय भाजे. आता तीन वर्स झाले, काहीच लागत नाही. महाराजानं माहा भार उचलला."

ते ऐकून आजूबाजूची माणसं उठली आणि एकेक करून दादांच्या पाया पडली. मीही पडले. सगळ्यांत शेवटी सर आले. त्यांनी दोन्ही हातांनी ते पाय धरले आणि कपाळ टेकवलं, चांगला बराच वेळ. उठले तेव्हा डोळे भरलेले होते. माझी जीभ कुठे गप्प बसते! मी म्हटलं, "काय सर, यावर विज्ञानाचं काय म्हणणं?" सर हसले. "मॅडम, जगातल्या सगळ्या पायाइले विज्ञान इचारा, माह्या दादाच्या पायाले नका इचारू."

रामनवमी होऊन आठवडा झाला असेल. दादा घरी परतले होते. वहिनी सकाळी ओसरी झाडायला आल्या तर सारवलेल्या जमिनीवर ओले ठसे. पाणी सांडलं म्हणून पुसायला गेल्या तर हाताला रक्त आणि पू. दादांच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून आत गेला होता, अख्खा बोटभर. तो कुठल्या गावाला घुसला, जानेफळच्या अलीकडे की खामगावच्या पलीकडे, हे दादांना सांगता येईना. त्यावर पाय टेकत ते शेगावला गेले होते, रांगेत उभे राहिले होते, घरी आल्यावर रोपवाटिकेत चिखलात वावरले होते. दवाखान्याची पायरी दादांनी जन्मात चढली नव्हती. रक्त तपासलं तेव्हा साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याखाली चार बोटं ठेवून तो कापावा लागला.

सर महिन्याने कॉलेजात आले. आम्ही सगळे भेटलो, नेहमीचं बोललो, त्यांनीही नेहमीची उत्तरं दिली. नंतर माझ्या लक्षात आलं की सर कशालाही हात लावत नव्हते. दार कुणी उघडायची वाट बघायचे. चहाचा कप समोर गार व्हायचा. हात मांडीवर पालथे पडलेले असत. स्पर्शाचा धडा आला तेव्हा भिंतीपलीकडून पुस्तक वाचल्याचा आवाज आला, ओळीमागून ओळ. माझा वर्ग एकदाही हसला नाही.

एक दिवस स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"मॅडम, साखर वाढली का पयले लांबचे मज्जातंतू मरतात. ती दारं ज्या तंतूच्या टोकाले असतात, तो तंतूच टोकापासून सुकत सुकत मागं येते. सगळ्यात लांब पायाचा, म्हणून पाय पयले जाते. हे मी शिकवतो. परीक्षेले पाच मार्काले टाकतो."

"सर, तुम्हाला कसं कळणार होतं?" मी म्हटलं. असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

"मले नाही त कोणाले?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दर दिवाळीले, दर रामनवमीले मी त्या पायाइले हात लावला. पोट्ट्याइले सांगतो, गप्प बसनं हेबी उत्तर असते. अन् माह्या घरचे पाय तीन वर्स गप्प होते. मी त्याइले हात लावे तो घ्यासाठी, मॅडम. आशीर्वाद घ्यासाठी. पायाले काय होऊन राह्यलं हे पाहासाठी एकडाव बी नाही लावला. अन् ते पाय माह्याच नोकरीपायी चालले होते."

मला सांगायचं होतं की कढत पाणी मी ओतलं होतं, पाय हलला नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याला तपश्चर्या म्हणून नमस्कार केला होता. सरांना मी ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते.

दादा बाजेवर बसून होते. दवाखान्यातून मापाचा पाय बसवून देतो म्हणाले, दादांनी नको म्हटलं. रोपवाटिका वहिनी आणि एक गडी बघत. दादा तिकडे तोंडही करीत नसत. सर आता शनिवारीच नव्हे, आठवड्यातून तीन-तीनदा दुसरबीडला जाऊ लागले. उरलेल्या पायाच्या टोकाला तेल लावायचं, मऊ कापडाने चोळायचं, हळूहळू दाब वाढवायचा, म्हणजे तिथली कातडी भार सोसायला शिकते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. सर ते करत आणि करताना दादांना सगळं समजावून सांगत. की कातडीच्या पेशीला रोज थोडं थोडं ढकललं की ती ओळखते, आता इथं काम पडणार, आणि जाड होते. की हाडालाही भार कळतो. की गुडघ्याखालचा हा भाग अजून जिवंत आहे, डॉक्टरांनी तपासलाय, इथली दारं अजून वाजतात. दादा ऐकून घेत. एकदा एवढंच म्हणाले, "सुदाम, लाकडाच्या पायानं मले जमीन काय कळंन? राहू दे."

पुढचा चैत्र जवळ आला तेव्हा सरांनी एक नवंच काम सुरू केलं. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीत त्यांनी तंगुसाचा, म्हणजे मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याचा, एक ताठ तुकडा बसवला. दिंडीत अनवाणी जाणाऱ्या माणसांच्या घरी जायचं, जमिनीवर मांडी घालून बसायचं, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा आणि डोळे मिटायला सांगायचे. मग तो दोरा तळव्यावर जरासा वाकेपर्यंत टेकवायचा. "कळलं त हाव म्हणा." अंगठा, करंगळी, टाच. जिथे हाव येत नसे तिथे सर पेनाने खूण करत.

माणसं संकोचाने अर्धमेली व्हायची. मास्तर, तोही कॉलेजातला, आपला धुळीने भरलेला पाय मांडीवर घेतोय म्हटल्यावर म्हाताऱ्या पाय ओढून घेत. "नका जी मास्तर, पाप लागंन आमाले!" सर पाय सोडत नसत. "पाया पडून राह्यलो समजा, माय. पयले घाईघाईनं पडत होतो."

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर दुसरबीडला गेले. दादांच्याच अंगणात दिंडीची माणसं जमली होती. सरांनी तपासायला सुरुवात केली. सगळं ठीक चाललं होतं आणि मग आली सरूबाई. साठी उलटलेली, काटक, दरसाल दिंडीच्या पुढे तुळस घेऊन चालणारी. सरांनी डाव्या तळव्याला दोरा टेकवला. ती डोळे मिटून बसली होती. सरांनी दुसरीकडे टेकवला. तिसरीकडे. सरूबाई वाट बघत होती.

"सुरू कवा करता मास्तर?" तिने विचारलं.

सरांनी तिन्ही जागी पेनाने खुणा केल्या. ते म्हणाले, "माय, या साली चप्पल घालून जाय. नाहीतर बूट घे कापडाचे. अन् उद्या माह्यासंगं दवाखान्यात चाल."

"काऊन? माहा त नवस हाये अनवाणी जाचा!"

दिंडीचे म्होरके एक पांढऱ्या टोपीचे आजोबा होते. ते बराच वेळ धुसफुसत होते, ते उसळले. "सर, तुमी शिकले-सवरले. पण तुमी हे भक्तीत खोट काढून राह्यले. पाय दुखत नाही ही महाराजाची किरपा हाये. तुमी म्हणता रोग हाये. असं कसं?" दोन-चार माना डोलल्या. सरूबाईने पाय ओढून घेतला. सर तिथेच बसून राहिले. एरवी भरल्या वर्गाला खिशात घालणारा माणूस, पण आता ते नुसती रिफील बोटांत फिरवत होते. आपण नवसाविरुद्ध बोलायचं, आणि कुणाच्या घरात बसून, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेव्हा बाजेवरून दादा बोलले. वर्षभरात चार माणसांत ते पहिल्यांदाच बोलत होते.

"सरूबाई, इकडं पाह्य." त्यांनी मांडीवरचं धोतर वर सारलं आणि कापलेल्या पायाचं टोक सगळ्यांसमोर उघडं केलं. "मीबी किरपाच म्हणे. काटा घुसला तरी किरपा म्हणे. महाराजाले पाय पाह्यजे असते त त्यानं मागून घेतले असते बाई, असे सडवून नसते घेतले. त्यानं चालाले दिले, तू चाल. चप्पल घालून चाल. नवस मोडला त माह्या नावावर टाक. माहा एक पाय तिकडं जमा हायेच."

सरूबाईने तोंडाला पदर लावला. म्होरक्या आजोबांनी आपली वहाण काढून सरांपुढे पाय केला. "माहाबी पाहा बरं जरा."

त्या दिवशी निघताना दादांनी सरांना हाक मारली. मी दारातच होते म्हणून ऐकू आलं. "लोकाइले चाला म्हणून सांगतलं," दादा म्हणाले, "अन् मी बसून राहू काय? आण तो तुह्या दवाखान्यातला पाय."

पाय यायला आणि बसायला तीन महिने लागले. मी सरांना शेवटचं नीट पाहिलं ते त्यानंतरच. तसे ते नंतर कॉलेजात भेटत राहिलेच, पण माझ्या हिशेबी शेवटचं दर्शन हेच. मी आणि माझे यजमान एका लग्नाहून जालन्याकडून परत येत होतो. सकाळची वेळ. दुसरबीडला रस्त्यालगत दादांच्या रोपवाटिकेशी गाडी थांबवली, कारण आत सर दिसले.

ते उलटे चालत होते. दोन वाफ्यांच्या मधल्या पायवाटेवर दादांकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत होते, दोन्ही हात पुढे पसरलेले, पण दादांना न टेकवलेले. दादा काठीवर जोर देत, दातावर दात दाबून येत होते. नवा पाय टेकायचा, थांबायचं, मग दुसरा. वहिनी बांधावर हातातलं काम सोडून उभ्या होत्या. आम्हीही कुंपणाशीच थांबलो.

पाचसहा पावलांवर दादा थबकले. तोंड वाकडं झालं.

"सुदाम, थांब. दुखते."

सर जागच्या जागी थिजले. "काय म्हटलं दादा?"

"दुखते म्हटलं. पाय टेकवला का खालून लागते."

सर त्या ओल्या मातीत गुडघ्यांवर बसले, कपड्यांची पर्वा न करता. घाईघाईने पट्टे सोडून त्यांनी पाय बाजूला काढला, दादांचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि आतलं कापड खाली ओढलं. टोकाला एका बाजूने कातडी लाल झाली होती, रुपयाएवढी, अजून न फुटलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या ओळखीचा तो रुंद अंगठा पुढे आला आणि त्या लाल जागेच्या कडेला अगदी हळू टेकला.

"इथं?"

"हाव."

अंगठा जरासा सरकला. "अन् इथं?"

"अबे, तिथंच! दाबून काऊन राह्यला, दुखते म्हणतो ना तुले!"

सरांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ते हसताहेत. त्यांनी दादांच्या त्या अर्ध्या पायाला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, तोंड वर केलं, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना म्हणाले, "दादा, अजून एकडाव सांगा."